गैरहजर माणसांचा वाटा

वसई धर्मप्रांतातल्या सर्व धर्मग्रामांच्या पॅरिश कौन्सिल सभासदांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी एवढीशीच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. वयामुळे किंवा आजारामुळे घरात अडकलेल्या आपल्या माणसांना ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत, आपल्या सामूहिक उपासनेत, वाटली जाणारी पवित्र भाकर, दर रविवारी मिळावं, त्याच रविवारच्या मिस्सेतून मिळावं, आणि त्यांच्या आळीतल्या कोणीतरी ते नेऊन द्यावं. महिन्यातून एकदा, पहिल्या शुक्रवारी, फादरांना जमेल तेव्हा जे मिळतं तेवढ्यावर आपण समाधान मानू नये.

हे पत्र फादरांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, त्याला कारण आहे. धर्मगुरूंच्या बदल्या होतात. एक फादर आजाऱ्यांचं मनावर घेतात, दुसरे येतात ते तरुणांचं, तिसरे बांधकामाचं. आळ्या मात्र जागच्या हलत नाहीत, आणि कोणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे आळीलाच माहीत असतं. कॅथोलिक चर्चच्या धर्मकायद्याच्या 536व्या कलमानं तुमच्या मताला फक्त सल्ल्याचं वजन दिलंय, हे मला ठाऊक आहे. पण सल्ला द्यायला कोणी अडवलेलं नाही. तुमच्या सल्ल्यानं साउंड सिस्टिम बदलल्या, आवारात पेव्हर ब्लॉक बसले, सणाच्या मंडपाचा रंग ठरला. एक सल्ला याही बाबतीत द्या.

पहिल्या शुक्रवारचं आमच्या आळीतलं चित्र सांगते. ऐंशी ओलांडलेली एक मावशी आहे. पाय गेलेत, डोकं शाबूत. त्या दिवशी ती पहाटेच सुनेकडून अंग पुसून घेते, ठेवणीतलं लाल लुगडं नेसवून घेते आणि खाटेवर बसून राहते. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती. फादर येईपर्यंत कधी अकरा वाजतात, कधी साडेअकरा, कारण त्यांना सगळा धर्मग्राम फिरायचा असतो. तोवर मावशी चहाला शिवत नाही. तिच्या लहानपणी मध्यरात्रीनंतर पाण्याचा घोटसुद्धा चालत नसे. पाण्याला मोकळीक मिळाली ती 1953 साली, पोप पायस बारावे यांच्या काळात. पुढे 1964 मध्ये उपवास एका तासावर आला, आणि आजच्या धर्मकायद्याच्या 919व्या कलमानुसार वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना तो तासही पाळावा लागत नाही. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "फादरांना सांगू दे, मग बघू." फादर येतात, प्रार्थना म्हणतात, ख्रिस्तशरीर देतात, आणि पाच मिनिटांत पुढच्या घराकडे निघतात. त्यांना दोष कसा द्यायचा? अजून वीस घरं खोळंबलेली असतात. चहाचं सांगायला वेळ कुठला?

सून कधी येते मिस्सेला, हा प्रश्न तर आपण विचारतच नाही. सासूला एकटं टाकून येता येत नाही म्हणून तिचाही रविवार बुडतो. तिला ख्रिस्तशरीर देता येतं, त्याच खोलीत, त्याच वेळी. पण तयारी नाही, कुमसार म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली झालेली नाही, असं म्हणत ती दारापाशी पदर सावरून उभी राहते आणि फादर गेले की भांड्यांकडे वळते.

आता जरा मागे जाऊ. साधारण इसवी सन 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या एका प्रापंचिक ख्रिस्ती माणसानं सम्राट अंतोनिनस पायसला उद्देशून एक निवेदन लिहिलं. एका अर्थी तेही खुलं पत्रच. ख्रिस्ती लोक एकत्र जमून काहीतरी भयंकर करतात अशा अफवा होत्या, म्हणून जस्टिननं आपल्या लोकांचा रविवार कसा असतो तेच सांगून टाकलं. शहरातले आणि खेड्यातले सगळे एका जागी येतात, ग्रंथ वाचले जातात, प्रमुख बोध करतो, भाकर आणि द्राक्षारस आणला जातो, प्रमुख उपकारस्तुती करतो, लोक "आमेन" म्हणतात, वाटप होतं. आणि लगेच पुढे तो लिहितो : जे आले नाहीत त्यांच्याकडे सेवकांच्या हातून वाटा पाठवला जातो. त्याच दमात तो हेही सांगतो की ज्यांना शक्य असतं ते स्वखुशीनं पैसे देतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परगावचे यांची काळजी घेतली जाते.

मिस्सेचं हे चर्चबाहेरच्या माणसाला दिलेलं पहिलं सविस्तर वर्णन म्हणता येईल. त्यात इमारत नाही, वेदीची सजावट नाही, गायकवृंद नाही. न आलेला माणूस मात्र आहे, आणि तो अगदी स्पष्ट आहे. जस्टिनला ही गोष्ट सम्राटाला सांगण्याएवढी महत्त्वाची वाटली. काही वर्षांनी या श्रद्धेपायी त्याचा शिरच्छेद झाला.

आपल्याकडे सणाच्या जेवणाला एखादा घरचा माणूस आजारी असेल तर पंगत बसण्याआधी त्याचं ताट वाढून, झाकून बाजूला ठेवतात, आणि पहिलं पोर धावतं ते ते ताट घेऊन. उरलं तर देऊ, असं कोणी म्हणत नाही. सामवेदी घर असो, वाडवळ असो की कोळीवाड्यातलं, या बाबतीत कुठं फरक नाही. प्रभूच्या मेजाबाबतच आपली रीत अशी सैल कशी झाली?

कोणी म्हणेल, पूर्वीची गोष्ट वेगळी, आता वेदीपाशी पवित्र मंजुषा, ख्रिस्तशरीर राखून ठेवायची पेटी, आहे, केव्हाही नेता येतं. बरोबर. पण मंजुषा कशासाठी आहे? 1967 साली रोमहून युकॅरिस्टविषयी, म्हणजे ख्रिस्तशरीराच्या या संस्काराविषयी, जी सूचनावली आली, तिच्यात याचं उत्तर स्वच्छ दिलंय : मिस्सेबाहेर ख्रिस्तशरीर राखून ठेवण्याचं पहिलं आणि मूळ कारण म्हणजे मरणाला टेकलेल्या माणसाला वाटेची शिदोरी देणं. मिस्सेबाहेरचं वाटप आणि ख्रिस्तशरीरापुढं बसून केलेली आराधना ही त्यानंतरची कारणं. नायसियाच्या परिषदेनं तर 325 सालीच ठरवून ठेवलं होतं की मरणपंथाला लागलेल्या कोणालाही ही शिदोरी नाकारू नये. आपण नायसियाचा विश्वासांगीकार दर रविवारी एका सुरात म्हणतो, त्याच परिषदेचा हा तेरावा नियम मात्र कोणाला आठवत नाही.

आराधनेविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. मी स्वतः गुरुवारी तासभर बसते, आणि त्या तासाशिवाय माझा आठवडा लागत नाही. पण नव्या आराधनालयाला ग्रॅनाइट कोणता, एसी किती टनाचा यावर जेवढा वेळ बैठका चालतात, त्याच्या दहाव्या हिश्श्यानंही आजाऱ्यांच्या यादीवर बोलणं होत नसेल तर आपला क्रम उलटा झालाय. मंजुषेला सोन्याचा मुलामा देणं सोपं असतं. त्यासाठी देणगीदार मिळतो, कोनशिलेवर नाव लागतं.

मग आला कोविड. मार्च 2020 मध्ये चर्चची दारं बंद झाली, आणि मिस्सा मोबाइलवर आली. त्या दिवसांत तिनं लोकांना मोठा आधार दिला, यात वाद नाही. ख्रिस्तशरीर हाती न येता मनानं ते घ्यायची, आत्मिक कम्युनियनची, प्रार्थना घराघरात पाठ झाली. पण त्याच एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधल्या सांता मार्ताच्या सकाळच्या मिस्सेत बजावलं होतं की पडद्यावरची चर्च ही अडचणीच्या काळातली वाट आहे, तिथंच राहायचं नाही. साक्रामेंत, म्हणजे चर्चचे संस्कार, हाती घ्यायचे असतात, लोक एकत्र यायचे असतात. धडधाकट लोक दारं उघडताच परत आले. म्हातारी माणसं मात्र पडद्यावरच राहिली. "आई मिस्सा बघते मोबाइलवर, तिचं भागतं," असं आता आपण सहज म्हणतो. नातवानं सहाला लावून दिलेली मिस्सा मध्येच जाहिरातीला थांबते, आजीला पुढं कसं करायचं ते कळत नाही, ती तशीच हात जोडून जाहिरात संपायची वाट बघते. हे भागणं आहे का?

ही माणसं कोण आहेत, याचाही जरा विचार करा. 1964 साली मुंबईत ओव्हल मैदानावर 38वी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली. 28 नोव्हेंबर ते 6 डिसेंबर. यजमान होते कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस, आणि वसई तेव्हा मुंबई महाधर्मप्रांतातच होती. आपला धर्मप्रांत वेगळा झाला तो 1998 साली. 2 डिसेंबरला पोप पॉल सहावे मुंबईत उतरले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्या वेळी जे वीस वर्षांचे होते ते आता ऐंशीच्या पलीकडे आहेत. पोपना पाहिल्याची आठवण सांगणारी म्हातारी माणसं अजून भेटतात. कोणी लोकलला लोंबकळत गेलं, कोणी रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभं राहिलं. लॅटिन मिस्सेत वाढलेली आणि तरुणपणी आपल्या भाषेतल्या मिस्सेत आलेली ही पिढी. चर्चच्या जुन्या छपरांखाली यांच्या घामाचा पैसा आहे. यांची मुलं आज आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत, आणि चार खोल्यांच्या बंगल्यात एक बाई टीव्ही लावून बसलेली असते.

त्या भेटीचा शेवटही लक्षात ठेवण्यासारखा आहे. पोपसाहेबांना वापरायला दिलेली लांबलचक पांढरी लिंकन गाडी त्यांनी जाताना मदर तेरेसांना देऊन टाकली, आणि मदरनी तिची सोडत काढून ते पैसे कुष्ठरोग्यांच्या कामाला लावले. युकॅरिस्टचा एवढा मोठा सोहळा, आणि त्याची शेवटची देणगी गेली ती मैदानापर्यंत चालत येऊ न शकणाऱ्यांकडे.

आता हरकतींकडे येते, कारण त्या मला तोंडपाठ झाल्यात.

पहिली : "आमच्या लोकांना फादरांच्याच हातून लागतं." लागतं खरं. रविवारीसुद्धा प्रापंचिक सेवकाची रांग मोकळी असते आणि लोक वळसा घालून फादरांच्या रांगेत शिरतात. पण फादरांच्या रांगेत जे मिळतं तेच त्या मोकळ्या रांगेतही मिळतं. 29 जानेवारी 1973 ला पोप पॉल सहावे यांच्या मान्यतेनं निघालेल्या आदेशानं प्रापंचिकांना, बायकांनासुद्धा, ख्रिस्तशरीर वाटण्याची आणि आजाऱ्यांकडे नेण्याची वाट मोकळी करून दिली. त्यालाही आता अर्धशतक उलटून गेलं. शिवाय वसईच्या माणसानं ही हरकत घ्यावी याची मला गंमत वाटते. आपण ज्याच्या नावानं नवस बोलतो तो संत गोन्सालो गार्सिया फादर नव्हता. तो फ्रान्सिस्कन ब्रदर होता, जपानमध्ये धर्मगुरूंचा दुभाष्या. 1597 साली नागासाकीला क्रूसावर गेला आणि 1862 साली संत झाला. त्याच्या हातांना अभिषेक झालेला नव्हता, तरी त्याच्यापुढं आपण रांगा लावतो.

दुसरी हरकत पावित्र्याची. स्कूटरवरून, खिशात घालून, वाटेत मासळी घेत घेत नेतील. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणूनच प्रशिक्षण लागतं आणि धर्मप्रांताची रीतसर परवानगी लागते. आणि म्हणूनच मिस्सेच्या शेवटी सर्वांसमोर पाठवणी हवी : वाटप संपलं की सेवक वेदीपाशी येतात, फादर प्रत्येकाच्या हातात छोटी डबी देतात, आणि तो माणूस थेट त्या घरी जातो. कुठंही न थांबता. सगळी मंडळी ते बघतात, त्यामुळे वाटेत त्याला कोणी गप्पांना अडवत नाही. तार्सिशियसची गोष्ट आपण वेदीसेवक मुलांना दरवर्षी सांगतो. पोप दमासस यांनी चौथ्या शतकात त्याच्या थडग्यासाठी ओळी लिहिल्या : ख्रिस्ताचं शरीर हातातून सुटू देण्यापेक्षा त्यानं जीव दिला. नुसती गोष्ट सांगून थांबायचं का?

तिसरी : "मग फादरांचं काय काम?" भरपूर आहे. पापक्षमेचा संस्कार आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग फक्त तेच देऊ शकतात. दर महिन्याला घाईघाईनं वीस घरं करण्याऐवजी त्यांनी रोज एका घरात बसावं, कुमसार ऐकावं, चहाही घ्यावा. झटका येऊन ज्यांना घास गिळता येत नाही अशांसाठी नुसत्या द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तरक्त देता येतं; 925वं कलम तशी मुभा देतं. ही गोष्ट किती कुटुंबांना माहीत आहे? "आता बाबांना गिळता येत नाही" म्हणून घरच्यांनी ख्रिस्तशरीर बंद केलं, आणि बाबा वर्षभर तसेच राहिले, असं झालेलं मी पाहिलंय. अशा घरी फादरांनीच जावं आणि नीट समजावून द्यावं.

चौथी हरकत कोणी उघड बोलत नाही. घरात नको. घर आवरलेलं नाही, म्हाताऱ्यांचा वास येतो, मुलगा पिऊन पडलेला असतो, सून-सासूचं बोलणं बंद आहे. आळीतल्या माणसानं हे बघू नये. फादर बघतात ते चालतं, ते बोलत नाहीत. मला वाटतं, आपलं घोडं खरं इथं अडतं. आणि म्हणूनच आळीतल्या माणसानं जायला हवं असं मी म्हणते. जो दर रविवारी जाईल त्याला दिसेल की गोळ्यांची पट्टी दोन आठवडे तशीच आहे, पाठीला जखमा झाल्यात, वीज तोडलेली आहे, किंवा म्हातारीला दुपारी कोणी जेवायला वाढत नाही. तो गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या मंडळींना सांगेल, ते धावतील. त्यानं हे चावडीवर सांगायचं नाही, एवढी अक्कल असलेलीच माणसं निवडा. असे लोक प्रत्येक आळीत आहेत. निवृत्त शिक्षिका, बँकेतून सुटलेले, एखादी नर्स. अवजड भाषणं करणारे नकोत.

करिंथकरांना पौलानं लिहिलेलं पत्र तुम्ही ऐकलेलं आहे, आज्ञा गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, त्यातलं वाचन असतं. "प्रभू येशूने, ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले…" शेवटच्या भोजनाचं हे सगळ्यात जुनं लिखित वर्णन. चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. पण वाचन नेमकं तेवढ्याच ओळींचं असतं. त्याच्या मागचं-पुढचं वाचलं तर कळतं की हे वर्णन एका खरडपट्टीत आलंय. करिंथात पैसेवाले आधी येऊन पोटभर खात-पीत होते आणि उशिरा पोहोचणारे गरीब उपाशी राहत होते. पौल म्हणतो, तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. भाकरीच्या जागी खरंच ख्रिस्त आहे का, यावर त्या लोकांत वाद नव्हता. ज्यांच्याबरोबर आपण जेवायला बसलोय ते त्याचंच शरीर आहे, हे त्यांना दिसेना. ट्रेंटच्या परिषदेनं 1551 साली भाकरीत काय घडतं ते ठामपणे मांडलं, आणि ते मी पूर्ण मानते. पण त्या मानण्याची कसोटी लागते ती खोकल्याच्या आवाजाच्या खोलीत.

पाचव्या शतकाच्या तोंडाशी हिप्पोचे बिशप ऑगस्टीन नव्यानं स्नानसंस्कार घेतलेल्यांना सांगत की वेदीवर तुमचंच रहस्य ठेवलेलं आहे. "ख्रिस्ताचं शरीर" असं म्हटल्यावर तुम्ही जे "आमेन" म्हणता ते तुम्ही स्वतः जे आहात त्याला म्हणता. मग ज्यांना ते "आमेन" रविवारी म्हणताच येत नाही, त्यांचं काय? की आपल्या शरीरात ते नाहीतच?

बाकी दूर राहिलेलेही बरेच आहेत. पूर्वेच्या कारखान्यांत रविवारी पाळी करणारे, झारखंडहून आलेली मुलं-मुली, लग्नाच्या कागदपत्रांत अडकल्यामुळे मागच्या बाकावर बसणारे. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि काही फार गुंतागुंतीचे. ते या पत्रात कोंबत नाही. आजाऱ्यांचा प्रश्न मात्र सोपा आहे. नियम आहे, परवानगी आहे, माणसं आहेत, डब्या स्वस्त मिळतात. नाही ती फक्त यादी.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. लघु ख्रिस्ती समूहांच्या प्रमुखांकडून प्रत्येक आळीतल्या घरबंद माणसांची नावं मागवा. त्यात सेवा करणारी सून किंवा मुलगीही धरा. नावं आली की बघा, एका सेवकाकडे तीन-चार घरांपेक्षा जास्त यायला नकोत, नाहीतर पुन्हा पाच मिनिटांची भेट सुरू होईल. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पहिली पाठवणी व्हावी, सातच्या मिस्सेतून, म्हणजे म्हाताऱ्यांना आठच्या चहाआधी मिळेल. ज्यांना चहा आधी हवा त्यांनी तो घ्यावा, आणि हे फादरांनी त्याच रविवारी प्रवचनात मोठ्यानं सांगावं. मावशीच्या आळीची यादी मी केलेली आहे. बैठकीची तारीख ठरली की कळवा, घेऊन येते.

आपली,
धर्मग्रामातली एक प्रापंचिक